फोनवरची मराठी पाटी कोणी लावली?

सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. मालाड स्टेशनबाहेर, एस. व्ही. रोडवर, लिबर्टी गार्डनकडे पाट्या बदलताना आपण सगळ्यांनी पाहिल्या. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हा पेढेही वाटले आणि भाषणंही झाली.

आज मला तिसऱ्याच एका पाटीबद्दल लिहायचंय. ही पोस्ट तुम्ही देवनागरीत वाचताय. वेलांटी जागेवर आहे, रफार जागेवर आहे, जोडाक्षर तुटलेलं नाही. खाली कमेंट कराल तीही मराठीत टाईप कराल. यासाठी कुठल्या कोर्टाने आदेश दिला नव्हता, कुठल्या पक्षाने खळ्ळखट्याकही केलं नव्हतं. मग हे झालं कसं?

बरेच जण म्हणतील, कंपन्यांनी केलं, त्यांचा धंदाच आहे तो. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, म्हणून आज तो लिहितोय. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी थोडं मागे जाऊ. डिप्लोमा करून मी उपनगरातल्या एका छोट्या साप्ताहिकात लागलो तेव्हाचे दिवस. बातमीदार घरून टाईप करून फ्लॉपी आणायचा. त्याच्याकडचा फॉन्ट आमच्या संगणकावर नसला की फाईल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं आणि कंस यांचा नुसता गोपाळकाला. मग त्याने प्रिंट काढून आणायची आणि आमच्या डीटीपीवाल्याने सगळं पुन्हा टाईप करायचं. ज्यांनी त्या काळात छापखान्यात किंवा डीटीपी सेंटरमध्ये काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कारण साधं होतं. संगणकात इंग्रजी अक्षरांसाठी ज्या जागा ठरल्या होत्या, त्याच जागांवर फॉन्ट करणाऱ्याने आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. एकाचा 'क' जिथे, तिथे दुसऱ्याचा उकार. मानक नव्हतं असंही नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये 'इस्की' नावाचं मानक जाहीर केलं. त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी एकच यादी असावी म्हणून युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरीला १२८ घरं मिळाली, आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली होती.

पण मानक म्हणजे कागद. 'क' चं घर ठरलं म्हणून पडद्यावर 'क' उमटत नाही. त्यात आपली लिपी खोडकर. 'किल्ला' टाईप करताना संगणकात आधी 'क' साठतो, मग वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'सर्व' मधला 'र' आधी साठतो आणि रफार होऊन पुढच्या 'व' च्या डोक्यावर जाऊन बसतो. हे सगळं संगणकाला शिकवणारा प्रोग्रॅम कोणीतरी लिहावा लागतो. आणि ज्याला ही लिपी वाचताच येत नाही त्याने तो लिहिला, तर चुकला कुठे हे त्याला कळतही नाही.

कंपन्यांच्या बाजूने मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय दिली. त्याबरोबर आला 'मंगल' फॉन्ट. तो तुम्ही हजार वेळा पाहिलाय, सरकारी जीआरपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत. पण विंडोजमधली चूक आपल्याला दुरुस्त करता येत नाही. आत काय लिहिलंय ते उघडून पाहायची परवानगीच नाही. कंपनीला वाटेल तेव्हा ती दुरुस्त करणार.

दुसरी वाट होती ती मुक्त सॉफ्टवेअरची. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. म्हणणं असं की प्रोग्रॅम वापरणाऱ्याला तो वाचायचा, बदलायचा आणि बदललेला वाटायचा हक्क हवा. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधला एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोर्वाल्ड्स याने जाहीर केलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय. तेच लिनक्स. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात ते आहे.

हे काम चालतं कसं, ते आपल्या गणेशोत्सव मंडळावरून सांगतो. मंडळ सगळ्या गल्लीचं असतं, वर्गणीही सगळे देतात. पण जूनमधल्या मीटिंगला कोण येतं? आठ-दहा जण. देखावा काय करायचा, मांडव कुठे घालायचा, स्पीकर किती वाजता बंद करायचा, हे ते आठ-दहा जण ठरवतात. बाकीचे गणपतीत येऊन म्हणतात, "यंदा मजा नाही." मुक्त सॉफ्टवेअरचंही असंच आहे. दार सगळ्यांना उघडं, पण जो येतो त्याच्या गरजेप्रमाणे सॉफ्टवेअर घडतं. जो येत नाही त्याची गरज कोणाला माहीतच होत नाही. कोणी मुद्दाम डावलत नाही, फक्त आठवण करून द्यायला कोणी नसतं.

आता आपल्या गावाकडे, म्हणजे मुंबईत येऊ.

२००० च्या आसपास इथे 'इंडलिनक्स' नावाचा गट सुरू झाला. सुरू करणाऱ्यांपैकी व्यंकटेश हरिहरन हे तंत्रज्ञानावर लिहिणारे पत्रकार. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचा जरा जास्त अभिमान. सोबत प्रकाश अडवाणी, आणि तांत्रिक बाजू सांभाळायला जी. करुणाकर. लिनक्सचा पडदा भारतीय भाषांत आणायचा हा त्यांचा ध्यास. सुरुवात हिंदीपासून केली. भाषांतराचा मोठा भार रतलामच्या रविशंकर श्रीवास्तव यांनी उचलला. ते मध्य प्रदेशच्या वीज मंडळात अभियंता होते. हजारो ओळी त्यांनी जवळपास एकट्याने हिंदीत आणल्या. मराठीला याचा फायदा असा की लिपी एकच. हिंदीसाठी जी पाईपलाईन टाकली गेली तिला आपला नळ जोडणं सोपं गेलं.

त्याच काळात जुहूला एनसीएसटी ही सरकारी संस्था होती, पुढे ती सी-डॅकमध्ये विलीन झाली. तिथे लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटवण्यासाठी 'इंडिक्स' नावाने काम चाललं होतं. आणि तिथेच होते र. कृ. जोशी.

र. कृ. (१९३६–२००८) म्हणजे मराठी सुलेखनातलं मोठं नाव. आयआयटी पवईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं. वर ज्या 'मंगल' चा उल्लेख केला तो त्यांनीच मायक्रोसॉफ्टसाठी काढला. पण त्यांच्याच हातचा 'रघू' हा देवनागरी फॉन्ट एनसीएसटीमधून मुक्त परवान्याखाली आला आणि इंडलिनक्सने तो वापरला. हात एकच, पण एक अक्षर कंपनीच्या मालकीचं आणि दुसरं सगळ्यांचं. हा फरक लक्षात ठेवा. 'मंगल' मध्ये तुम्हाला एखादं वळण आवडलं नाही तर तुम्ही कुरकुर करू शकता. 'रघू' मध्ये आवडलं नाही तर तुम्ही ते बदलून पुढच्याला देऊ शकता.

पुढे २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त केले. आणखी दहा वर्षांनी मुंबईच्याच 'एक टाईप' या अक्षररचनाकारांच्या गटाने 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुले केले. आज लग्नपत्रिकेपासून न्यूज पोर्टलपर्यंत ते सर्रास दिसतात.

आता एक गंमत. तुमच्या अँड्रॉइड फोनवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये वेलांटी आणि रफार जागेवर बसवणारा जो प्रोग्रॅम आहे त्याचं नाव 'हार्फबझ'. त्याचा मुख्य कर्ता बेहदाद एस्फहबोद, मूळचा इराणी. त्याची भाषा फारसी. फारसीतही अक्षरं जोडून लिहावी लागतात, शब्दात जागा बदलली की अक्षराचं रूप बदलतं. इंग्रजीवाल्यांचे प्रोग्रॅम त्याच्या भाषेला पुरत नव्हते, म्हणून तो या कामात उतरला. 'हर्फ' म्हणजे अक्षर, 'बाज' म्हणजे उघडं. उघडं अक्षर! ज्याचं जळतं त्याला कळतं, ती ही गोष्ट. फारसीपासून सुरू झालेलं काम पुढे देवनागरीपर्यंत आलं आणि त्यावर आपण आज व्हॉट्सॲपचे सुप्रभात पाठवतो.

दुसरं उदाहरण, शब्दाखाली लाल रेघ मारणारा 'हनस्पेल'. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस सगळीकडे तो असतो. तो लिहिला लास्लो नेमेथ या हंगेरियन माणसाने. हंगेरियन भाषेत शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय चिकटतात. इंग्रजीसाठी केलेली साधी शब्दांची यादी तिथे तोकडी पडत होती. आपलंही तेच आहे. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. एकेक रूप यादीत लिहायला बसलो तर आयुष्य पुरणार नाही. मूळ शब्द आणि प्रत्ययाचे नियम वेगळे ठेवायची सोय हंगेरियन माणसाने स्वतःच्या भाषेसाठी केली, ती मराठीला आयती मिळाली. मराठी शब्दांची यादी मात्र मराठी स्वयंसेवकांनाच जमवावी लागली. ते काम हंगेरीतून कोण करणार?

म्हणजे पाया बऱ्याचदा दुसऱ्याच्या गरजेतून तयार मिळतो. पण भाषेचं स्वतःचं जे आहे, त्याला घरचंच माणूस लागतं. तीन छोट्या गोष्टी सांगतो.

पहिली 'ऱ्या' ची. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण. हिंदीला हा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र लागत नाही, मराठीला आणि कोकणीला लागतो. फॉन्टमध्ये तो नसेल तर हिंदी वाचणाऱ्याला चूक दिसणारच नाही. ती सांगायला मराठी वाचणारा हवा.

दुसरी 'ल' आणि 'श' ची. मराठी वळण आणि हिंदी वळण वेगळं. एकाच फॉन्टमध्ये दोन्ही ठेवता येतात, भाषा मराठी असेल तर मराठी वळण दाखव असंही सांगता येतं. पण कोणीतरी ते वळण काढून आत घालावं लागतं. नाही घातलं तर हिंदीचा 'ल' दिसतो आणि आपण चरफडत वाचतो.

तिसरी 'ॲ' ची. ॲम्ब्युलन्स, ॲप, ॲसिड असे शब्द मराठीत रोजचे. पण सुरुवातीच्या युनिकोडमध्ये या अक्षराला घरच नव्हतं. लोक 'अ' वर चंद्र ठेवून काम भागवायचे. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत त्याला स्वतंत्र घर मिळालं. झालं काय, की जुना आणि नवा 'ॲ' डोळ्यांना सारखाच दिसतो, संगणकाला मात्र वेगळा. जुन्या पद्धतीने साठवलेल्या बातमीत नव्या पद्धतीने 'ॲम्ब्युलन्स' शोधलात तर पुष्कळदा सापडत नाही. एका अक्षराला घर मिळायला सतरा वर्षं लागली आणि त्याची किंमत आजही आपण शोधताना मोजतो. त्या वर्षी एखाद्या मराठी पेपरात ही बातमी वाचल्याचं मला आठवत नाही.

गंमत अशी की त्याच ५.१ आवृत्तीत मलयाळमच्या 'चिल्लू' अक्षरांना स्वतंत्र घरं देण्यावरून केरळात केवढा तरी वाद झाला. तिथल्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. ते हरले, घरं दिली गेलीच. पण लिपीचा निर्णय होत असताना मलयाळी माणसं तिथे हजर होती, आपलं म्हणणं लेखी मांडत होती. हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

केरळची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. २००२ मध्ये कालिकतच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजातल्या, म्हणजे आजच्या एनआयटीतल्या, एका विद्यार्थ्याच्या पुढाकाराने 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' हा गट सुरू झाला. तो आजही चालू आहे. मीरा, रचना, मंजरी असे फॉन्ट, टाईप करायची साधनं, शब्द तपासणी, असं बरंच काम त्यांनी केलं. त्यांच्या फॉन्टमागे के. एच. हुसेन यांच्यासारखे लोक होते, जे वनसंशोधन संस्थेत ग्रंथालयाचं काम पाहायचे. सगळेच काही इंजिनिअर नव्हते. सरकारी शाळांतही तिथे संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवला जाऊ लागला.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे मलयाळम भाषक साधारण साडेतीन कोटी, मराठी भाषक आठ कोटी तीस लाख. दुपटीहून जास्त. आणि १ मे २००३ पासून चालू असलेल्या आपल्या मराठी विकिपीडियावर टाईप करायची जी सोय मिळते, ती ज्यांनी घडवली त्यात प्रमुख नाव आहे संतोष तोट्टिंगल. मलयाळी. याच गटातून पुढे आलेला माणूस.

मग आपली माणसं कुठे होती? होती ना, पुण्यात. रेड हॅटचं पुण्याचं कार्यालय म्हणजे भारतीय भाषांच्या भाषांतराचं मोठं केंद्र झालं. लिनक्सच्या पडद्यावरची मराठी बरीचशी तिथे बसून केली गेली. २००८ मध्ये तिथल्या राजेश रंजन यांनी 'फ्युएल' नावाचा उपक्रम सुरू केला. संगणकावर सतत लागणारे पाचशेहून अधिक शब्द काढायचे आणि एकेका भाषेच्या लोकांनी एकत्र बसून त्यांचे प्रतिशब्द ठरवायचे. 'सेव्ह' ला 'साठवा' म्हणायचं की 'जतन करा'? 'डिलीट' ला 'नष्ट करा' की 'काढून टाका'? एका प्रोग्रॅममध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरं असेल तर वापरणारा गोंधळतो आणि वैतागून पुन्हा इंग्रजीवर जातो. मराठीनेही या उपक्रमात असेच शब्द ठरवले.

हे भाषांतर म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं त्याला प्रोग्रॅमिंग यावं लागतं. एक साधी मजकुराची फाईल असते. एका ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत रिकामी जागा. तिथे मराठी लिहायचं. मूळ इंग्रजी बदललं की त्या ओळीवर खूण पडते, 'पुन्हा तपासा'. आणि कोणी लिहिलंच नाही तर प्रोग्रॅम मुकाट्याने इंग्रजी दाखवतो. तुमच्या पडद्यावर मराठी मेनूत मध्येच दोन ओळी इंग्रजी दिसतात ना, त्या या रिकाम्या जागा. फाईलच्या वरच्या चार-पाच ओळींत भाषांतर करणाऱ्यांची नावं असतात. कोणी वाचत नाही, पण असतात.

यात डोकंही लावावं लागतं. 'एक फाईल काढली', 'तीन फाईली काढल्या', 'एक फोटो काढला', 'एक चित्र काढलं'. इंग्रजीत क्रियापद तेच राहतं, आपलं लिंग-वचनाबरोबर बदलतं. इंग्रजी लिहिणाऱ्याने वाक्याचे तुकडे करून जोडले असतील तर मराठीत ते जुळतच नाहीत. मग भाषांतर करणाऱ्याने मूळ प्रोग्रॅमवाल्याला सांगायचं, बाबा रे, वाक्य अख्खं दे. अशा तक्रारी जगभरातून गेल्या, तेव्हा कुठे प्रोग्रॅम लिहायच्या सवयी बदलल्या. म्हणजे कोडची एक ओळ न लिहिणारा माणूसही कोडला आकार देतो, पण त्यासाठी त्याने तक्रार लेखी नोंदवावी लागते. आपल्या कट्ट्यावर केलेली तक्रार फिनलंडला ऐकू जात नाही.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर ही आरती होईल.

स्वयंसेवक म्हणजे कोण? ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे तो. सकाळी मालाडहून चर्चगेट फास्टला लटकून जाणारा आणि रात्री नऊला घरी येणारा माणूस बारा वाजता बसून फॉन्ट दुरुस्त करणार आहे का? घरचं सगळं आवरून झोपणारी बाई करणार आहे का? म्हणून या कामात येतात ते बहुतेक कॉलेजातले मुलगे, एकटे राहणारे तरुण इंजिनिअर, किंवा ज्यांना कंपनी त्याचाच पगार देते ते. लिनक्स फाउंडेशनच्या २०१५ च्या अहवालात स्पष्ट होतं की लिनक्सच्या गाभ्यातलं ८० टक्क्यांहून जास्त काम पगारी माणसं करतात. पगारी माणसाचं काम चांगलंच असतं, पण ते कंपनीच्या गरजेप्रमाणे वळतं. कंपनीने उद्या प्राधान्य बदललं, त्या माणसाची बदली झाली, की ती भाषा पोरकी.

आणि वेळ देणारा एकटाच उरला तर काय होतं? मार्च २०२४ मध्ये जगाने ते पाहिलं. 'एक्सझेड' नावाचं फाईल आकुंचित करणारं एक साधं साधन. जगभरातल्या असंख्य सर्व्हरांवर वापरलं जाणारं. सांभाळणारा फिनलंडमधला लासे कॉलिन हा एकटा माणूस, तोही फुकट. थकलेला होता, तसं त्याने सांगितलंही होतं. 'जिया टॅन' नावाने कोणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून मदत करत राहिलं, दुसऱ्या काही नावांनी कॉलिनवर दबाव आणला गेला, आणि शेवटी किल्ल्या टॅनच्या हाती आल्या. त्याने आत चोरदरवाजा बसवला. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने ते उघड केलं. का? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागत होता, तो त्याला खटकला. अर्ध्या सेकंदावर जग वाचलं. एकट्या माणसाच्या खांद्यावर सार्वजनिक गोष्ट टाकून सगळे निवांत झोपले की असंच होतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा.

नुसती गर्दी आली तरी उपयोग नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' नावाच्या उपक्रमात चार बदल सुचवले की टी-शर्ट मिळायचा. भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब चॅनलवर ते कसं करायचं हे दाखवलं गेलं. जगभरच्या प्रकल्पांत निरर्थक बदलांचा पूर आला. कोणी नावापुढे 'अमेझिंग' घातलं, कोणी स्वल्पविराम हलवला. ते सगळं नाकारता नाकारता फुकट काम करणारे वैतागले आणि काही दिवसांत आयोजकांना नियम बदलावे लागले. आपल्या मालाड-कांदिवलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी हेच सांगेन. बायोडेटासाठी टी-शर्ट गोळा करू नका. एकच गोष्ट धरा आणि दोन वर्षं सोडू नका.

पैशाची बाजूही हळूहळू बदलतेय. मुंबईतच तयार झालेलं 'ईआरपीनेक्स्ट' घ्या. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, पुढे ते मुक्त केलं, आणि आज वेगवेगळ्या देशांतले छोटे उद्योग ते वापरतात. 'झेरोधा' ने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. पवईच्या आयआयटीने सरकारी मदतीतून 'स्पोकन ट्युटोरियल' हे मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे धडे भारतीय भाषांत आणले, मराठीतही. आपलं राज्य सरकार? एमएस-सीआयटीत आपण लाखोंनी संगणक शिकलो, पण बहुतेक केंद्रांत शिकलो ते कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायला. ते दुरुस्त करता येतं, त्यात आपली भाषा घालता येते, हे त्यात कुठे आलंच नाही. अभिजात दर्जाबरोबर येणाऱ्या पैशातून चार माणसं तरी मराठीचे फॉन्ट, शब्दकोश आणि भाषांतरं सांभाळायला पगारावर ठेवा, ही मागणी आपल्या आमदारांकडे करायला हरकत नाही. मी करणार आहे.

पण सगळं सरकारवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. पुढची लढाई आवाजाची आहे. मोझिलाचा 'कॉमन व्हॉइस' नावाचा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे, त्यात मराठीही आहे. समोर एक वाक्य येतं, तुम्ही ते वाचून आवाज द्यायचा. दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर की चूक ते सांगायचं. त्यातून यंत्रं मराठी ऐकायला शिकतात, आणि तो साठा कोणालाही फुकट वापरता येतो. आता विचार करा. त्यात फक्त सदाशिव पेठेतले आवाज गेले, तर उद्या बँकेचं बोलतं यंत्र कुरारच्या मावशीचं मराठी ओळखेल का? मालवणीतल्या, मढच्या कोळीवाड्यातल्या, मराठवाड्यातून येऊन इथे रिक्षा चालवणाऱ्या दादाचं? नाही ओळखणार. आणि मग आपण म्हणू, यंत्राला मराठी येत नाही. यंत्राला जे ऐकवलं तेच त्याला येणार.

यासाठी इंजिनिअर असायला नको. निवृत्त मराठीच्या बाई, प्रुफरीडर, डीटीपीवाले, वाचनालयाचे ग्रंथपाल, या कामाला खरं तर हेच लोक हवेत. आठवड्याला एक तास. फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस मराठीत लावा आणि वापरा. एखादा शब्द खटकला तर तिथेच लेखी कळवा. चुकीचं जोडाक्षर दिसलं तर फोटो काढून कळवा. इंग्रजी येत नसेल तर कमेंटमध्ये मला लिहा, मी कळवतो. पाच-सात जण तयार असाल तर पुढच्या महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी कुठल्यातरी वाचनालयात बसू. नाव, परिसर आणि वेळ कधी जमेल तेवढं खाली लिहा. येणारे किती ते कळलं की जागा ठरवतो.